मृगातली ॲडमिशन

१ एप्रिल २०११ रोजी ‘फालतू’ नावाचा एक हिंदी सिनेमा आला. दिग्दर्शक रेमो डिसूझा. तारीख एप्रिल फूलची आणि नावच फालतू, त्यामुळे टोमणे मारणाऱ्यांचे काम सोपे झाले असेल. गोष्ट अशी, की काही पोरांना परीक्षेत जेमतेम गुण मिळतात. कुठल्याच कॉलेजात नाव लागत नाही आणि घरी तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा ती पोरे एक कॉलेजच बनवून टाकतात. खोटी वेबसाइट, पडक्या इमारतीला रंग, आणि आईबाप बघायला येणार म्हणून एक तोतया प्राचार्य. कॉलेजचे नाव ‘फकीरचंद अँड लकीरचंद ट्रस्ट युनिव्हर्सिटी’. इंग्रजी आद्याक्षरे जोडा, ‘फालतू’ तयार. घरचे खूश होतात. पण एक दिवस त्या खोट्या कॉलेजच्या दारात शेकडो खरी मुले सामानसुमान घेऊन उभी राहतात. त्यांनाही कुणी घेतलेले नसते. वेबसाइटवर बटण दाबले आणि प्रवेश मिळाला, म्हणून ती आलेली असतात.

मूळ कल्पना आपली नव्हे. २००६ साली अमेरिकेत ‘ॲक्सेप्टेड’ नावाचा सिनेमा आला होता, त्याची ही देशी आवृत्ती. तिकडची पोरे बंद पडलेले मनोरुग्णालय भाड्याने घेऊन त्यात कॉलेज थाटतात. दोन्ही सिनेमे हसवतात. कॉलेजात प्रवेश मिळणे ही तरुण मुलाची इज्जत झाली आहे आणि त्या इज्जतीपायी तो काय वाटेल ते करील, या एका गोष्टीवर दोन्हींचे विनोद उभे आहेत.

मंडळी, मीही हसलो. पण हसताना एक गोष्ट खटकत राहिली. या मुलांच्या आयुष्यात जून महिना कुठे आहे? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ॲडमिशन म्हटली की आधी जून डोळ्यांपुढे येतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. बियाणे, खत, मजुरी, सगळ्याचा पैसा त्याच पंधरवड्यात लागतो. आणि वर्षानुवर्षे निकाल, गुणपत्रिका, फॉर्म आणि फी हेही त्याच दिवसांत येत आले आहे. कापसाचा पैसा दिवाळीनंतर घरात येतो आणि होळीपर्यंत उसनवारी, लग्नकार्य, दवाखाना यांत वाटला जातो. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती वर्षात सर्वांत कमी पैसा ज्या महिन्यात असतो, त्याच महिन्यात त्याच्या मुलाचे भवितव्य खिडकीवर उभे असते. आज जे बोलायचे आहे ते या महिन्याबद्दल. प्रवेशाचे नियम गेल्या पन्नास वर्षांत कितीदा बदलले आणि प्रत्येक वेळी या जूनचे काय झाले, हे मला सांगायचे आहे.

त्याआधी एक गंमत. ‘फालतू’तले कॉलेज पटकथाकाराच्या डोक्यातून आले असे कुणाला वाटेल. पण आपल्या शेजारच्या छत्तीसगडने ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी करून दाखवली होती. तिथल्या सरकारने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच दिवसांत शंभरावर, नेमकी सांगायची तर ११२ विद्यापीठे कागदावर उगवली. कित्येकांना ना इमारत ना ग्रंथालय. एखाद्या भाड्याच्या खोलीवर पाटी लावली की झाले विद्यापीठ. शेवटी शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती विद्यापीठे रद्द केली. तिथे नाव घातलेल्या मुलांना मात्र सिनेमातल्यासारखा गोड शेवट असा आयता मिळाला नाही. त्यांना दुसऱ्या, मान्यताप्राप्त विद्यापीठांशी जोडून घेण्याची वेळ आली.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली तुकडी १९७५ साली बाहेर पडली आणि तिच्यामागून बारावी आली. त्या काळी विदर्भातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर नागपूरचे १९४७ सालचे मेडिकल, तिथलेच मेयो, नाहीतर सेवाग्राम. इंजिनिअर व्हायचे तर नागपूरचे विश्वेश्वरय्या आणि अमरावतीचे सरकारी कॉलेज. शेतीकडे जायचे तर अकोल्याचे कृषी विद्यापीठ. यवतमाळला अमोलकचंदसारखी जुनी महाविद्यालये होती, पण इंजिनिअरिंग-मेडिकलची दारे जिल्ह्याबाहेर होती. जागा मोजक्या, फी मात्र माफक. म्हणून जूनमध्ये ओढाताण व्हायची ती गुणांची. ज्याला गुण मिळाले त्याच्या बापाला एसटीचे भाडे आणि वसतिगृहाची अनामत जमवावी लागे. ते तो कसेबसे जमवी. ज्याला गुण नव्हते त्याचा विषय घरात पुन्हा निघत नसे.

१९८३ साली दोन गोष्टी घडल्या. १ मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले आणि आमचा जिल्हा नागपूर विद्यापीठातून निघून तिकडे गेला. आणि त्याच वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजे काढायला परवानगी दिली. दादा स्वतः शाळेत फारसे शिकलेले नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. आपली मुले देणग्या देऊन कर्नाटकात शिकायला जातात, तो पैसा इथे राहू द्या, कॉलेजे खेड्यापाड्याजवळ येऊ द्या. सरकारकडे पैसा नव्हता आणि मुलांना जागा हव्या होत्या. या निर्णयाला मी नुसत्या शिव्या घालणार नाही. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत विदर्भ-मराठवाड्यातले जे हजारो इंजिनिअर आहेत, त्यांतले कितीतरी या दाराने आत गेले. आमच्याच जिल्ह्यात पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच १९८३ साली निघाले. पुसद म्हणजे वसंतराव नाईकांचे गाव. अकरा वर्षांवर मुख्यमंत्रिपद भूषवलेला माणूस या मातीतला. तेव्हा त्या तालुक्यात कॉलेज यावे यात नवल नव्हते. नवल वाटायचे ते बाजाराच्या दिवशी हिंदीत वांग्याचा भाव विचारणाऱ्या, लांबलांबच्या राज्यांतून आलेल्या पोरांचे. गावात खोल्यांचे भाडे वाढले, मेस निघाल्या. पुसदच्या म्हाताऱ्यांनी इंजिनिअरिंगचा पहिला फायदा खोलीभाड्यात पाहिला.

मी तेव्हा दिग्रसला शाळेत होतो. माझे वडील जिनिंगमधल्या काट्यावर कामाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच आणायचा. ग्रेडर बोंड हातात घेणार, धागा ओढून बघणार आणि प्रत ठरवणार. मग काटा, मग पावती, आणि चुकारा यथावकाश. हा ‘यथावकाश’ कधी कधी फार लांबे. हिवाळ्यात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे, रात्र रात्र शेतकरी गाडीखाली झोपत. अब्बा घरी येऊन सांगत, अमक्याची गाडी पोरीच्या लग्नाची होती, तमक्याची बँकेची. आणि १९८५ नंतर त्यांच्या तोंडी नवीनच गाडी येऊ लागली. एक म्हातारा त्यांना म्हणाला, “चाचा, या गाडीत पोट्ट्याचं कालेज हाये. जरा पाहून मापजा.” अब्बांना लिहिता-वाचता बेताचे येई, पण ग्रेडर आणि कॉलेज यांतले साम्य त्यांना आमच्या प्राध्यापकांच्या आधी कळले होते. दोन्हीकडे माल शेतकऱ्याचा आणि प्रत ठरवणार तिसराच.

१९८८ साली मी बारावी झालो, कला शाखेतून. मला ॲडमिशनचा काही त्रास झाला नाही. बी.ए.ला तेव्हा मुले कमी पडत. आमच्या कॉलेजचे प्राध्यापक जूनमध्ये स्वतः मोहल्ल्यात येऊन विचारून गेले, येतोस का? सिनेमातल्या त्या वेबसाइटसारखेच झाले म्हणा, बटण न दाबता प्रवेश. नातेवाइकांत मात्र बी.ए. म्हणजे दुसरे काही मिळाले नाही असा अर्थ होता आणि अजून आहे. कविता लिहितो म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

माझ्या वर्गमित्राची गोष्ट वेगळी. त्याचे वडील दिग्रसजवळच्या खेड्यातले, जमीन बारा एकर, त्यातली दोन ओलिताची. मुलाला सायन्सला बरे गुण, पण सरकारी कॉलेजला पुरतील इतके नाहीत. एका खासगी कॉलेजात जागा होती. खरे तर १९८७ साली महाराष्ट्राने कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला होता. कायदा झाल्यावर देणगी थांबली नाही, तिचे नाव बदलले. थोडी रक्कम इमारत निधी म्हणून पावतीवर आणि बाकीची पावतीशिवाय. कॉलेजचे नाव मी घेत नाही, त्या काळी ते एकटेच असे होते असेही नाही. महत्त्वाचे ते की संस्थेने मुदत दिली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्याची. मृग लागला होता. काकांनी बियाणे उधारीवर आणले आणि ओलिताचे दोन एकर विकले. मुलगा इंजिनिअर झाला, आज पुण्यात आहे, चांगला माणूस आहे, दिवाळीला फोन करतो. त्याची धाकटी बहीण त्याच्यापेक्षा हुशार होती. दहावीला तिला त्याच्याहून जास्त गुण होते. मुलींना बारावीपर्यंत फी नव्हतीच, ऐंशीच्या दशकातच सरकारने ती माफ केली होती. पण फी माफ असली तरी दिग्रसपर्यंतची एसटी माफ नव्हती आणि ओलीत गेल्यावर घरात बायामाणसांच्या हातांची गरज वाढली. तिची शाळा दहावीवर संपली.

प्रवेशाच्या ताणावरचा सिनेमा निघाला की त्यात नायक मुलगाच असतो, हे मला त्या बहिणीमुळे फार जाणवते. २००९ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘थ्री इडियट्स’ घ्या. त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, मुलाने चार्टर्ड अकाउंटंट व्हावे असे घरचे स्वप्न, आणि मुलगा गेला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला. त्यामुळे फोटोग्राफर व्हायचे स्वप्न बघणारा फरहान कुरेशी त्यांनी जवळून ओळखून काढला असावा. जन्मल्या मिनिटाला बाप ठरवतो, पोरगा इंजिनिअर होणार. मला या पात्राचे वेगळेच कौतुक वाटले. हिंदी पडद्यावर कुरेशी आडनावाचा मुलगा आणि त्याच्या हातात ना पिस्तूल ना कव्वालीची टाळी, फक्त इंजिनिअरिंगचे ओझे. म्हणजे आमच्या घरांतले दुखणे इतरांसारखेच आहे, याची निदान सिनेमाने नोंद घेतली. पण त्याच सिनेमात राजू रस्तोगीचे गरीब घर दाखवताना पडदा काळा-पांढरा होतो, जुन्या रडक्या सिनेमांची नक्कल होते आणि भाजीचे भाव, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न यांवर प्रेक्षागृह खदखदून हसते. तिथे मला हसता आले नाही. राजूची ती बहीण काय शिकली, हे सिनेमा विचारीत नाही.

त्यानंतर महिन्याभराने, जानेवारी २०१० मध्ये, महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आईचा घो’ आला. भरत जाधवने केलेला कारकून बाप आणि क्रिकेटवेडा मुलगा. गुणांच्या हट्टापायी बापाचा हात उठतो आणि मुलगा बेशुद्धीत जातो. पुढे बंगालीत आणि तमिळ-तेलुगूतही ती गोष्ट गेली, म्हणजे दुखणे एका राज्याचे नव्हते. मात्र तो बाप पगारदार आहे. त्याला महिन्याच्या शेवटी का होईना, पगार मिळतो. जूनमध्ये एकीकडे फीची खिडकी आणि एकीकडे आभाळ, असे दोन्हीकडे बघणारा बाप मराठी विनोदी सिनेमात मला तरी भेटलेला नाही.

दरम्यान न्यायालये आपले काम करीत होती. १९९२ साली मोहिनी जैन खटला, १९९३ साली उन्नीकृष्णन निकाल. उन्नीकृष्णनने खासगी कॉलेजातल्या जागांची ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ अशी वाटणी केली. म्हणजे ज्याने जास्त फी द्यायची त्याने न देणाऱ्याचाही भार उचलायचा. २००२ साली टी.एम.ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडली. २००५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. त्यातून फी ठरवणाऱ्या समित्या आणि सामाईक परीक्षा यांना बळ मिळाले आणि २०१५ साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. टेबलाखालची देणगी त्यामुळे कमी झाली, पण फी चढत गेली. ती आता रीतसर पावतीवर आली, एवढे म्हणता येईल.

या सगळ्यात आमच्या जिल्ह्याला सर्वांत जास्त वेड लावले ते मात्र इंजिनिअरिंगने नाही, डी.एड.ने. याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. बारावीनंतर दोन वर्षे आणि मग प्राथमिक शिक्षक. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, भूमिहीनाच्या घरात यापेक्षा मोठे स्वप्न बसतच नव्हते. २००० साली सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन आणि मग कायम. महिना ३,००० ही रक्कम शहरात हास्यास्पद वाटेल, पण आमच्याकडे जिच्या लग्नात हुंडा कमी होतो अशी ती नोकरी होती. मुलीही यात आल्या, कारण गावची शाळा म्हणजे सुरक्षित जागा. मागणी पाहून डी.एड. विद्यालये जिकडे तिकडे उघडली. कुणाच्या मंगल कार्यालयाच्या वर, कुणाच्या रिकाम्या गोदामात. ‘फालतू’ची पडकी इमारत आणि हे गोदाम यांत फरक एवढाच की याला मान्यता होती. जूनमध्ये बारावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन पोरे-पोरी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात फिरत. व्यवस्थापन कोट्याच्या जागेसाठी दागिने गहाण पडले, जनावरे विकली गेली. आणि २०१२ साली राज्याने शिक्षकभरतीला खीळ घातली. मग २०१३ पासून पात्रता परीक्षा, २०१७ साली पवित्र पोर्टल, आणि नुसती वाट बघणे. विद्यालये जशी उघडली तशी पटापट बंद झाली. माझ्या ओळखीत दोन डी.एड. झालेल्या बहिणी आहेत, एक शिवणकाम करते, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. दोघींनी पदव्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवल्या आहेत.

मेडिकलची गोष्ट आणखी वेगळ्या वाटेने गेली. यवतमाळला १९८९ साली वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याला आभाळ ठेंगणे झाले. बरीच वर्षे राज्यात ७०:३० चे सूत्र होते. विदर्भातल्या जागांपैकी सत्तर टक्के विदर्भाच्या मुलांना. २०२० साली ते रद्द झाले. त्याआधीच बारावीच्या गुणांची सद्दी संपून सीईटी आली होती, आणि सीईटीनंतर नीट. २०१६ साली तर मे महिन्यात, म्हणजे परीक्षा तोंडावर आल्यावर, नीट की सीईटी हा वाद न्यायालयातून संसदेच्या अंगणात गेला. वटहुकूम निघाला आणि त्या वर्षापुरती सीईटी वाचली. ज्या घरात मूल त्या वर्षी बारावीला होते, तिथे जाऊन विचारा. परीक्षा बदलली की क्लास बदलतो, क्लास बदलला की गाव बदलते. आमच्या पुसद-उमरखेडची मुले नांदेडला, वणी-पांढरकवड्याची नागपूरला, दारव्हा-दिग्रसची अकोल्याला, आणि ज्यांची ऐपत जास्त ती लातूरला किंवा थेट कोट्याला. २०२४ साली नीटचा पेपर फुटल्याच्या प्रकरणाने देश हादरला आणि १,५६३ मुलांच्या वाढीव गुणांचा घोळ न्यायालयात गेला, तेव्हा नांदेडला खोली करून राहिलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले, “दोन साल का किराया भरा, भाई. अब किससे पूछूं?” ते सायकलचे पंक्चर काढतात.

इंजिनिअरिंगमध्ये मात्र २०१० नंतर गंगा उलटी वाहिली. कॉलेजे इतकी झाली की जागा रिकाम्या राहू लागल्या. काही कॉलेजांनी शाखा बंद केल्या, काही आख्खी बंद पडली. आणि उरलेल्यांतल्या तरुण प्राध्यापकांवर नवेच काम आले, विद्यार्थी आणा. एका जूनमध्ये आर्णीच्या रस्त्यावर मी पाहिले आहे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात रंगीत माहितीपत्रके, आणि बूट चिखलात. बांधावरून सर शेतकऱ्याला सांगताहेत की आमच्याकडे कॅम्पस आहे, बस आहे, शिष्यवृत्तीचा फॉर्म आम्हीच भरून देतो. शेतकरी तिफन न थांबवता म्हणतो, “सर, पेरनं होऊ द्या नं. मंग पाहू.” विनोदी सिनेमाला यापेक्षा चांगला प्रसंग कुठला मिळणार? पण विनोद थोडा पुढे नेला की कळते, त्या सरांचा स्वतःचा पगार तीन-चार महिने अडकलेला असू शकतो, आणि तेही कुणा शेतकऱ्याचेच पोर असते.

जागा वाढल्या, रिकाम्या राहिल्या, तरी ताण गेला नाही. याचे एक कारण दाखले. शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळवायची तर उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात पडताळणी. तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलहून जिल्ह्याला. जूनमध्ये तहसीलच्या आवारात निम्मी रांग याचीच असते. आमच्यासारख्या घरांत तर आणखी गाठ आहे. माझे आजोबा पिंजारी, गादी-रजईचा कापूस पिंजणारे. पिंजारी ओबीसी यादीत आहेत. पण पुरावा हवा तो १९६७ च्या आधीचा, आणि त्या काळच्या शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहून ठेवले आहे. गुरुजींना काय ठाऊक की साठ वर्षांनी या एका शब्दावर कुणाची फी अडेल.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे, मी त्याचे स्वागत करतो. दिग्रसच्या त्या बहिणीला तो छत्तीस वर्षे उशिरा मिळाला, इतकेच. खोलीचे भाडे आणि मेस मात्र फीत मोडत नाहीत. मुलींच्या वसतिगृहात जागा किती, यावर आता मुलींची ॲडमिशन ठरते.

२०२५ साली आणखी एक बदल झाला. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, जो मुंबईसारख्या शहरांपुरता होता, तो सबंध राज्याला लागू झाला. दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला, त्यामुळे वाटले की यंदा मृगाच्या आधी सगळे आटोपेल. पण पोर्टल पहिल्याच दिवशी अडखळले आणि पहिली यादी लागायला जूनची अखेर उजाडली. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. आमच्या काही गावांपासून एसटी जाते अशी कॉलेजेच मुळी तीन-चार.

जुलैत दुसऱ्या फेरीच्या वेळी मी भाचीचा अर्ज बघायला सेवा केंद्रात गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर एक शेतकरी आणि त्याचा मुलगा बसले होते. केंद्रचालक एकाच संगणकावर मुलाचा अकरावीचा अर्ज आणि बापाचा पीक विम्याचा अर्ज असे दोन्ही उघडून बसला होता. दोघांत मोबाइल एकच. दोन्ही अर्जांचे ओटीपी पाठोपाठ आले. चालकाने विचारले, “भाऊ, यातला कोणता कशाचा?”

शेतकऱ्याने मोबाइल मुलाच्या हातात दिला. मुलगा दोन्ही आकडे वाचीत होता तोवर बाप दारात जाऊन आभाळाकडे बघून आला.